उपेक्षिता : कॉन्स्टन्स वाइल्ड

ऑस्कर वाइल्ड हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. कॉलेजात इंग्रजी घेतलेल्यांनी त्याची नाटके वाचलेली असतात. घरातल्या मुलांनी त्याची एखादी परीकथा क्रमिक पुस्तकात पाहिलेली असते. त्याची चटकदार वाक्ये तर ज्यांनी त्याचे एकही पुस्तक उघडलेले नाही तेही संभाषणात पेरत असतात. कीर्तीच्या शिखरावर असताना १८९५ साली त्याच्यावर खटला झाला, दोन वर्षे सक्तमजुरी झाली आणि १९०० साली पॅरिसच्या एका हॉटेलात तो कफल्लक अवस्थेत मरण पावला, हेही पुष्कळांना ठाऊक असते. पण या माणसाला बायको होती, दोन मुलगे होते, आणि त्याच्या मागे त्या घराचे काय झाले हे विचारले, तर चांगले वाचलेले लोकही गप्प बसतात.

रामायणकर्त्याने सीतेचा वनवास गाइला आणि चौदा वर्षे मागे राहिलेल्या ऊर्मिलेला मात्र तो विसरला, अशी तक्रार रवींद्रनाथांनी एका निबंधात केली होती. अशा ऊर्मिला इतिहासातही असतात. कॉन्स्टन्स वाइल्ड ही त्यांपैकी एक. तिचा उल्लेख झालाच तर 'बिचारी' या एका शब्दावर तिची बोळवण होते. तिचे आयुष्य नीट पाहिले की हा शब्द किती अपुरा आहे ते कळते. घर कोसळल्यावर ढिगारा उपसायला जे माणूस उरते, त्याची ही हकीकत आहे.

लॉइडांची मुलगी

कॉन्स्टन्स मेरी लॉइड हिचा जन्म २ जानेवारी १८५८ रोजी लंडनमध्ये झाला. वडील होरेस लॉइड हे नावाजलेले बॅरिस्टर, तर आई डब्लिनच्या अ‍ॅटकिन्सन घराण्यातली. घरात पैशाला तोटा नव्हता, मायेला होता. १८७४ मध्ये वडील वारले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्यानंतर आईने तिला कसे वागवले ते तिच्या भावाने, ओथोने, पुढे सांगून ठेवले आहे. चारचौघांत पाणउतारा, सतत टोमणे, प्रसंगी मारहाणसुद्धा. १८७८ मध्ये आईने दुसरे लग्न केले आणि कॉन्स्टन्स आजोबांच्या घरी राहायला गेली. स्वभावाने ती भिडस्त होती, पण बुद्धीने मंद मुळीच नव्हती. ती पियानो वाजवी, भरतकाम उत्तम करी, तिला फ्रेंच येई आणि दान्तेचे काव्य ती मुळातल्या इटालियनमधून वाची.

१८८१ मध्ये लंडनला तिची ऑस्करशी ओळख झाली. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी निघाला होता, पण त्याचे नाव कवितेपेक्षा पोशाखाने आणि बोलण्यानेच अधिक गाजत होते. मध्ये तो व्याख्यानांसाठी अमेरिकेला जाऊन आला. १८८३ च्या नोव्हेंबरात तो व्याख्यानांसाठी डब्लिनला आला असताना तिथे आप्तांकडे आलेल्या कॉन्स्टन्सला त्याने मागणी घातली. २९ मे १८८४ रोजी लंडनच्या पॅडिंग्टन भागातील सेंट जेम्स चर्चमध्ये त्यांचे लग्न लागले. ती सव्वीस वर्षांची होती, तो एकोणतीस.

व्यवहाराची एक बाब इथेच सांगितली पाहिजे, कारण पुढची बरीच कटुता तिच्यातून निघाली. ऑस्करच्या डोक्यावर तेव्हाही कर्ज होते. कॉन्स्टन्सला आजोबांकडून वर्षाला २५० पौंड मिळत. लग्नानंतर दोनच महिन्यांत आजोबा वारले आणि तिचे वार्षिक उत्पन्न सुमारे ९०० पौंडांवर गेले. म्हणजे या प्रसिद्ध घराचा पाया लेखकाच्या लेखणीवर नव्हता, बायकोच्या माहेरच्या पैशावर होता. विवाहाच्या करारपत्रात या पैशावर, ती आधी वारल्यास, ऑस्करला हयातभर हक्क ठेवला होता. त्या वेळी ही वकिली रीत वाटली असेल.

टाइट स्ट्रीटवरचे घर

चेल्सी भागातील १६, टाइट स्ट्रीट हे त्यांचे घर ई. डब्ल्यू. गॉडविन या कलावंत वास्तुशिल्पज्ञाने सजवले. जड पडदे आणि काळपट लाकडी सामान यांच्या त्या जमान्यात पांढऱ्या रंगाची जेवणाची खोली पाहायला लोक येत. ५ जून १८८५ रोजी सिरिल आणि ३ नोव्हेंबर १८८६ रोजी व्हिव्हियन असे दोन मुलगे झाले.

'सुंदर पोशाख केलेली, फारसे न बोलणारी यजमानीण' असे त्या काळातील तिचे वर्णन पाहुण्यांनी करून ठेवले आहे. पाहुण्यांना दिसले तेवढेच त्यांनी लिहिले. त्याच वर्षांत ती काय करीत होती ते पाहा. स्त्रियांना श्वास घेता येणार नाही अशा कंबरपट्ट्यांतून आणि घोट्यापर्यंत लोळणाऱ्या जड घागऱ्यांतून सोडवण्यासाठी १८८१ मध्ये लंडनला 'रॅशनल ड्रेस सोसायटी' स्थापन झाली होती. आतल्या कपड्यांचे सगळे मिळून वजन सात पौंडांपेक्षा जास्त असू नये, हा या संस्थेचा एक दंडक. यावरून बायका त्याआधी किती ओझे अंगावर वागवीत असतील याची कल्पना येईल. या संस्थेचे मुखपत्र १८८८ मध्ये निघाले आणि त्याचे संपादन कॉन्स्टन्सने केले. ऑस्कर त्या सुमारास 'वुमन्स वर्ल्ड' या मासिकाचा संपादक होता. त्यात मुलांच्या पोशाखांच्या इतिहासावर तिने लेख लिहिला. मुलांसाठी तिची गोष्टींची दोन पुस्तके निघाली, एक १८८८ मध्ये, दुसरे १८९२ मध्ये.

राजकारणातही ती होती. लिबरल पक्षाच्या महिला संघटनेत ती काम करी, सभांतून बोले. राष्ट्राराष्ट्रांतील तंटे लढाईऐवजी लवादाने मिटावेत, हा तिच्या आवडीचा विषय. १८८९ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलच्या निवडणुकीत लेडी सँडहर्स्ट यांच्यासाठी तिने प्रचार केला. त्या निवडूनही आल्या, पण बाईला हे पद घेता येत नाही असे म्हणून हरलेला उमेदवार कोर्टात गेला आणि निवडणूक रद्द झाली. कॉन्स्टन्सच्या काळातील बाईने किती पुढे जायचे, याची सीमा कायद्याने अशी आखून दिलेली होती.

ऑस्करच्या वाक्यांचे एक संकलनही तिने केले. 'ऑस्करियाना' या नावाने ते जानेवारी १८९५ मध्ये खाजगीरीत्या छापले गेले. त्या महिन्यात त्याचे एक नाटक लंडनच्या रंगभूमीवर आले होते आणि दुसरे पुढच्या महिन्यात यायचे होते. नवरा कीर्तीच्या कळसावर होता. चार महिन्यांनी तो तुरुंगात असणार होता.

घरात न येणारा नवरा

हे लग्न पहिल्यापासून खोटे होते असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे दिसत नाही. पहिली दोन वर्षे दोघे एकमेकांत रमलेले होते. मग व्हिव्हियनच्या जन्माच्या सुमारास ऑस्करचे मन दुसरीकडे वळले. १८८६ मध्ये रॉबर्ट रॉस हा तरुण त्याच्या आयुष्यात आला आणि १८९१ मध्ये लॉर्ड आल्फ्रेड डग्लस. नंतरची वर्षे ऑस्कर घरापेक्षा हॉटेलांतच जास्त राहू लागला. डग्लस घरी पाहुणा म्हणूनही येई आणि कॉन्स्टन्स त्याचे आतिथ्य करी. तिला काय कळत होते आणि काय कळूनही ती स्वतःला सांगत नव्हती, हे ठरवण्याचा अधिकार शंभर वर्षांनंतरच्या माणसाला नाही. लेडी माउंट-टेम्पल या वडीलधाऱ्या मैत्रिणीला लिहिलेल्या तिच्या पत्रांतून एकटेपणा मात्र स्पष्ट दिसतो. सख्ख्या आईकडून न मिळालेली माया तिला या बाईंकडे मिळाली. तिला ती आईच म्हणे.

याच काळात तिची प्रकृती बिघडू लागली. पाय जड पडत, उजवा हात कापे, पाठ दुखे. घरातल्या जिन्यावरून ती पडली होती, म्हणून सारा दोष त्या पडण्याला दिला गेला.

एप्रिल १८९५

१८ फेब्रुवारी १८९५ रोजी डग्लसचे वडील मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी यांनी आल्बमार्ल क्लबात ऑस्करच्या नावाने एक अपमानकारक चिठ्ठी ठेवली. स्त्रियांनाही सभासद करून घेणाऱ्या थोड्या क्लबांपैकी हा एक होता आणि कॉन्स्टन्सही त्याची सभासद होती. चिडून ऑस्करने अब्रूनुकसानीची फिर्याद केली. खटला उभा राहण्याच्या दोनच दिवस आधी ऑस्कर, डग्लस आणि कॉन्स्टन्स असे तिघे त्याचेच नाटक पाहायला थिएटरात बसले होते. आपले घर निर्धास्त आहे हे लोकांना दिसावे म्हणून तिला तिथे नेले असावे असे वाटल्यावाचून राहत नाही.

फिर्याद ५ एप्रिलला कोसळली आणि त्याच दिवशी ऑस्करला अटक झाली. पुरुषांमधील शरीरसंबंध १८८५ च्या कायद्याने गुन्हा ठरवलेला होता. पहिल्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. दुसऱ्या खटल्यात, २५ मे रोजी, त्याला दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. आज त्या कायद्याचे समर्थन कोणी शहाणा माणूस करणार नाही. इंग्लंडने १९६७ मध्ये तो सैल केला आणि २०१७ मध्ये त्याखाली शिक्षा झालेल्या हजारो मृतांना माफी दिली. आपल्या जुन्या दंडविधानातील ३७७ वे कलमही त्याच इंग्रजी वळणाचे होते. ते सज्ञान माणसांच्या खाजगी आयुष्यापुरते आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बाजूला सारले. ऑस्करवर अन्याय झाला हे निर्विवाद. परंतु अन्यायाची मोजदाद करताना एकाच माणसाची शिक्षा धरली जाते.

खटला चालू असतानाच, २४ एप्रिलला, देणेकऱ्यांसाठी टाइट स्ट्रीटच्या घरातील सामानाचा लिलाव झाला. पुस्तके गेली, चित्रे गेली, हस्तलिखिते गेली. मुलांची खेळणीसुद्धा गेली.

आडनाव

आडनाव म्हणजे काय असते, हे दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. शाळेच्या दाखल्यावर एका लिपीत आणि रेशनकार्डावर दुसऱ्या लिपीत लिहिलेले आपले नाव एका मात्रेने जरी बदलले, तरी कचेरीत आपणच आपण आहोत हे सिद्ध करावे लागते. कॉन्स्टन्सवर नाव टाकूनच द्यायची वेळ आली.

मुलांना तिने आधीच एका फ्रेंच गव्हर्नेसबरोबर स्वित्झर्लंडला पाठवले होते. पाठोपाठ तीही गेली. तिथल्या एका हॉटेलात हे कुटुंब कोणाचे आहे हे कळताच मालकाने त्यांना जागा सोडायला सांगितली. त्यानंतर तिने निर्णय घेतला. लॉइड घराण्यात पूर्वीपासून चालत आलेले 'हॉलंड' हे नाव तिने आणि मुलांनी घेतले. सिरिल दहा वर्षांचा होता, व्हिव्हियन नऊचाही नव्हता. नवे नाव लिहायचा सराव करायचा आणि जुने कोणापुढे कधीही उच्चारायचे नाही, अशी त्यांना ताकीद होती.

व्हिव्हियनने १९५४ मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यात एक प्रसंग आहे. हायडेलबर्गच्या शाळेत क्रिकेटचे कपडे चढवताना दोघा भावांच्या लक्षात आले की आतल्या पट्टीवर अजून 'वाइल्ड' हेच नाव शिवलेले आहे. कोणी पाहायच्या आत त्यांनी चाकूने त्या पट्ट्या कापून टाकल्या. आईने अंगातल्या कापडावर हौसेने शिवलेले नाव चोरासारखे कापायला लागणारी ही मुले, या शिक्षेची नोंद कुठल्याच कोर्टाच्या दप्तरात नाही.

तुरुंगाची वाट

काडीमोड घे, असे तिला नातेवाईक सांगत होते, वकीलही सांगत होते. समाजाने तर तो गृहीतच धरला होता. पण तुरुंगातून ऑस्करचे पश्चात्तापाचे पत्र आले आणि ती थांबली. २१ सप्टेंबर १८९५ रोजी ती वॉन्ड्सवर्थच्या तुरुंगात त्याला भेटली. मध्ये जाळी, जवळ जाता येत नव्हते, धड पाहताही येत नव्हते. आपण कल्पना केली होती त्याहून हे कितीतरी भयंकर होते, असे तिने नंतर कळवले.

तिच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट यानंतरची. ३ फेब्रुवारी १८९६ रोजी ऑस्करची आई लंडनमध्ये वारली. कॉन्स्टन्स तेव्हा इटलीत, जिनोआजवळ राहत होती. आदल्या डिसेंबरातच तिच्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि चालणे कष्टाचे झाले होते. आईवर ऑस्करचे किती प्रेम आहे हे तिला माहीत होते. ही बातमी त्याला परक्या माणसाच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी ती निम्मा युरोप ओलांडून इंग्लंडला आली आणि १९ फेब्रुवारीला रेडिंगच्या तुरुंगात जाऊन तिने ती त्याला स्वतः सांगितली. या भेटीबद्दलची कृतज्ञता त्याने तुरुंगात लिहिलेल्या दीर्घ पत्रात नोंदवली आहे. ज्याच्यामुळे हे सारे ओढवले त्या डग्लसला उद्देशून ते पत्र आहे, हाही दैवाचा खेळ. नवराबायकोची ही शेवटची भेट ठरली.

पैशाचा प्रश्न

ऑस्करचे चाहते कॉन्स्टन्सला दोष देतात तो पैशावरून, म्हणून हे प्रकरण नीट पाहिले पाहिजे. १८९५ च्या नोव्हेंबरात ऑस्करला दिवाळखोर ठरवण्यात आले. त्याबरोबर, विवाहाच्या करारपत्राने तिच्या संपत्तीवर त्याला मिळालेला हयातीचा हक्कही लिलावात निघण्याजोगी मत्ता झाला. हा हक्क स्वतः विकत घेऊन मुलांच्या नावे सुरक्षित करावा, अशी तिची साधी इच्छा होती. मात्र ऑस्करच्या मित्रांनी त्याच्या भल्यासाठी म्हणून तिच्याविरुद्ध बोली लावली. हेतू चांगला असेल, पण परिणाम वाईट झाला. ऑस्करच आपल्या मुलांच्या घासावर टपला आहे असे तिच्या मनाने घेतले. फेब्रुवारी १८९७ मध्ये कोर्टाने मुलांचा ताबा तिला दिला. मे महिन्यात फारकतीचा करार झाला. वर्षाला १५० पौंड पोटगी ती नवऱ्याला देणार आणि त्याने वाईट संगतीत जायचे नाही, अशी अट.

बायको नवऱ्याला पोटगी देते हा प्रकार त्या काळात विरळाच. १९ मे १८९७ रोजी ऑस्कर सुटला आणि त्याने तिला भेटीसाठी लिहिले. तिने लगेच होकार दिला नाही. ती आजारी होती, सावध होती, वाट पाहायला सांगत होती. त्याला धीर धरवला नाही. सप्टेंबरात तो नेपल्सला डग्लसकडे गेला. आता मात्र तिने पोटगी बंद केली. भेट लांबवली ही तिची चूक, असे पुष्कळ चरित्रकार सुचवतात. तिच्या जागी उभे राहून पाहिले की त्या चुकीला सावधपणा म्हणावेसे वाटते.

तरीही ती कठोर राहू शकली नाही. १८९८ च्या फेब्रुवारीत रेडिंगच्या तुरुंगावरचे त्याचे दीर्घ काव्य निघाले. ते वाचून ती हेलावली. मित्रांमार्फत तिने पुन्हा काही पैसे पाठवले, आणि आपल्या मागे त्याचे दीडशे पौंड चालू राहतील अशी व्यवस्थाही केली.

जिनोआ

तिचा हात आता लेखणी धरीनासा झाला होता, म्हणून तिने टाइपरायटर घेतला आणि पत्रे यंत्रावर लिहू लागली. व्हिव्हियनला तिने कळवले की वडिलांबद्दल मनात कडवटपणा ठेवू नकोस. त्यांचे तुझ्यावर प्रेम आहे आणि जे केले त्याबद्दल त्यांनी पुरेसे भोगले आहे. ज्या बाईने नाव पुसले, तिनेच बापाबद्दलचे प्रेम पुसू दिले नाही.

२ एप्रिल १८९८ रोजी जिनोआचे शल्यविशारद लुइजी मारिया बॉस्सी यांनी तिच्यावर दुसरी शस्त्रक्रिया केली. पाच दिवसांनी, ७ एप्रिलला, ती वारली. वय चाळीस. एक मुलगा जर्मनीत, दुसरा मोनॅकोत, नवरा पॅरिसमध्ये. २०१५ मध्ये तिचा नातू मर्लिन हॉलंड आणि डॉ. अ‍ॅश्ले रॉबिन्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिच्या पत्रांतील लक्षणांची छाननी प्रसिद्ध केली. त्यांच्या मते तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असावा. जिन्यावरच्या पडण्याशी किंवा कुठल्या शस्त्रक्रियेने बरे होण्याशी त्याचा संबंध नव्हता.

सिरिल सैन्यात गेला, काही काळ हिंदुस्थानातही नोकरीला होता. आपल्या नावावरचा डाग मर्दपणाने धुऊन काढायचा, हे त्याने लहानपणीच ठरवले होते. ९ मे १९१५ रोजी फ्रान्सच्या रणभूमीवर तो एकोणतिसाव्या वर्षी मारला गेला. व्हिव्हियन लेखक आणि अनुवादक झाला आणि १९६७ पर्यंत जगला. आडनाव दोघांनीही पुन्हा बदलले नाही. त्यांच्या वंशात आजही 'हॉलंड' हेच नाव चालते.

दगडावरच्या ओळी

आपल्याकडे रमाबाई रानड्यांनी १९१० मध्ये आपल्या आठवणी लिहिल्या, लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. त्यामुळे मोठ्या माणसाच्या घरात चुलीपाशी काय शिजत होते, काय करपत होते, ते मराठी वाचकाला कळले. कॉन्स्टन्सला आठवणी लिहायला आयुष्य मिळाले नाही. तिची पत्रे उरली. त्यांच्या आधारे तिची स्वतंत्र चरित्रे झाली, पण ती अलीकडे : एक १९८३ मध्ये, फ्रॅनी मॉयल यांचे दुसरे २०११ मध्ये.

जिनोआच्या स्टाग्लिएनो स्मशानभूमीत तिची समाधी आहे. तिच्यावर सुरुवातीला 'होरेस लॉइड यांची कन्या' एवढाच परिचय कोरला होता. १८९९ च्या फेब्रुवारीत ऑस्कर तिथे जाऊन फुले वाहून आला, तेव्हा त्या दगडावर त्याचा मागमूस नव्हता. 'ऑस्कर वाइल्ड यांची पत्नी' ही ओळ १९६३ मध्ये घातली गेली, वाइल्डचे नाव पुन्हा उच्चारण्याजोगे झाल्यावर. डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरमध्ये १९९७ मध्ये ऑस्करचे रंगीबेरंगी दगडांचे शिल्प बसवले. तो खडकावर ऐटीत रेललेला आहे. समोर एका खांबावर गरोदर कॉन्स्टन्सची छोटी कांस्यमूर्ती आहे, विवस्त्र. बायकांच्या अंगावरील कपड्यांचा विचार करण्यात जिने उमेदीची वर्षे घातली, तिला शिल्पकाराने कपडाही दिला नाही.

'लग्न झाले की मार्गावर येईल' हे वाक्य आपल्या घरांतून अजूनही ऐकू येते. ज्याच्यासाठी ते बोलले जाते त्याचा विचार निदान आता काही लोक करू लागले आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण त्या वाक्यात आणखी एक माणूस असते, जिला कोणी विचारलेले नसते. कॉन्स्टन्सच्या समाधीवर बापाचे नाव आहे, नवऱ्याचे नाव आहे. ती संपादक होती, लेखिका होती, वक्ता होती, आणि पडलेल्या घरातून दोन मुलांना बाहेर काढून तिने जगवले, यातले काहीच तिथे नाही. दगडात जागा थोडी असते. आपल्या वाचनात ती करायला हरकत नसावी.